फिरत्या भागाला कुंकू

आमच्या फ्रिजवर एक यादी दीड वर्ष चिकटवलेली होती. वर 'उडवण्यापूर्वी' असं लिहिलेलं आणि खाली माझ्या अक्षरात कलमं. हॉलचा पंखा बंद. स्वयंपाकघरातली चिमणी बंद. बाल्कनीचं दार बंद, फटीला टॉवेल. कुकर चढवलेला असेल तर शिट्ट्या होऊ देणे. सोफ्यावर कोणी बसलं असेल तर त्याने हलू नये. त्याखाली नवऱ्याने पेन्सिलीने एक कलम वाढवलं होतं, 'आणि बोलू नये.' मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ते कोणासाठी होतं हे विचारायची गरज पडली नाही.

उडवायचं होतं ते एक यंत्र. तळहातावर मावेल एवढं, दोन पंखांचं. वजन एकोणीस ग्रॅम. ड्रोनसारखी फिरणारी पाती त्याला नव्हती. ते पंख हलवून उडायचं, सेकंदाला वीस वेळा. नवऱ्याच्या प्रबंधाच्या मुखपृष्ठावर त्याचं नाव दोन ओळींचं होतं. घरात आम्ही त्याला पाखरू म्हणायचो.

नवरा इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने पीएच.डी.ला नाव नोंदवलं. त्याच्या बरोबरीच्या मास्तरांनी सुटसुटीत विषय घेतले आणि चार-साडेचार वर्षांत मोकळे झाले. याने हे घेतलं, कारण पुनावळ्याच्या आमच्या बाल्कनीत जास्वंदीच्या कुंडीपाशी एक शिंजीर, चिमणीहून लहान पक्षी, यायचा. फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबायचा, मध प्यायचा, जायचा. नवरा चहाचा कप हातात धरून बघत राहायचा. एकदा म्हणाला, "अगं, हा थांबतो कसा?" मी म्हटलं, "अहो, चहा गार होतोय." सात वर्षांच्या कामाची सुरुवात ही एवढीच.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, प्लॅनिंग आणि सेफ्टी सांभाळते. गणित मला येतं ते कामापुरतं. पण सात वर्षं रोज सकाळी चहाबरोबर ऐकल्यावर काही गोष्टी डोक्यात बसतातच. पंख हलतो तेव्हा हवा त्याला कशी ढकलते हे दर क्षणाचं गणित इतकं किचकट आहे की ते मांडता मांडता पाखरू पडून जाईल. म्हणून एका फडफडीत काय काय झालं ते सोडून द्यायचं आणि तिची सरासरी धरायची. पंख खाली गेला, वर आला, एकूण किती उचललं, एकूण कुठे ढकललं. मग या सरासरीवर पाखराच्या हालचालीचं समीकरण मांडायचं. त्याला तो 'मॉडेल' म्हणायचा. त्या मॉडेलवरून नियंत्रक लिहायचा, म्हणजे पाखराच्या पोटातल्या बारक्या चकतीवर चालणारा प्रोग्रॅम. पाखरू कलंडलं की तो ओळखतो आणि पंखाचा कोन किंचित बदलून त्याला सरळ करतो. मला हे पटायचं. आम्हीही दिवसाच्या उत्पादनाचा आकडा बघतो; कोणत्या मिनिटाला कोण तंबाखू मळत होतं ते बघत नाही.

यात माझं काम दोन प्रकारचं होतं. घड्याळ लावणं आणि वहीत लिहिणं. किती सेकंद उडलं, कुठे पडलं, काय मोडलं. पडण्याच्या जागांची माझी नोंद आजही आहे: शोकेस, देवघराची पायरी, माझा खांदा, भिजवलेली मटकी.

एकदा पंख तोलायला आम्ही पिंपरीला कॅम्पातल्या एका सोनाराकडे गेलो. कॉलेजचा काटा बंद पडला होता आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्याला पंख ठेवल्याचं कळतसुद्धा नव्हतं. सोनाराकडे हिरे तोलायचा काचेच्या पेटीतला काटा होता. माझं मंगळसूत्र त्याच्याकडचं, म्हणून ओळख. नवऱ्याने डबीतून कापसात ठेवलेला पंख काढला. पातळ प्लास्टिकचा पडदा आणि त्याला कार्बनच्या काड्या. सोनाराने तो चिमट्याने धरून उजेडात बघितला.

"ताई, हे काय आणलंत? मोडीत घालायचंय?"

"नाही हो, नुसतं तोलायचंय."

"तोलतो. पण यात काही निघणार नाही, आधीच सांगतो."

दोन्ही पंख अगदी सारखे, प्रत्येकी एकशे दहा मिलिग्रॅम भरले. नवऱ्याला इतका आनंद झाला की त्याने कॅम्पातच उभं राहून मार्गदर्शक बाईंना फोन लावला.

या मार्गदर्शक बाई त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. त्या त्याला 'सर' म्हणत, हा त्यांना 'मॅडम', आणि दोघांत ओरडा खाणारा कायम हाच. पण त्या माणूस म्हणून सरळ. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुदतवाढ दोनदा झाली, तिसरी मिळणार नाही. दिवाळीनंतर समितीसमोर सादरीकरण. तिथे पाखरू दोऱ्याशिवाय, एका मीटरच्या चौकोनात, वीस सेकंद हवेत थांबलं पाहिजे. थांबलं तर प्रबंध पुढे जाईल. नाहीतर नोंदणी रद्द, आणि पुन्हा प्रवेशपरीक्षेपासून सगळं.

घरी येऊन त्याने बूट काढले आणि म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून मी करणार नाही. बावन्न वर्षांचा आहे मी. झालं तर झालं, नाहीतर पेटी बंद करून माळ्यावर."

त्याने ते इतक्या शांतपणे सांगितलं की मीच बेचैन झाले. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. वहीच्या नव्या पानावर मी वर 'वीस' असा आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल काढला.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी पाखरू सतरा सेकंद थांबलं. सोफा आणि टीव्ही यांच्या मधोमध, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, किंचित वर-खाली होत. नवरा हात पुढे करून उभा, पावलं टाकायला लागलेल्या मुलाच्या मागे उभं राहतात तसा. सतरा! अजून तीन हवे होते आणि हातात पाच-सहा आठवडे होते. त्या दिवशी मी बासुंदी केली.

मग आली खंडेनवमी. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात या दिवसाला काय मान आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आदल्या दिवशी मशीन पुसून लख्ख करतात, त्या दिवशी झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, नारळ, पेढे. एरवी ओव्हरटाइमवरून भांडणारी माणसं मशीनला हात जोडून डोळे मिटून उभी असतात. कंपनीतली पूजा बारापर्यंत आटोपली आणि मी चार वाजता घरी आले. नवरा अजून कॉलेजात होता, त्यांच्या प्रयोगशाळेची पूजा उशिरा असते. मी घरची मांडणी केली. मिक्सर, शिलाई मशीन, विळी, लॅपटॉप, स्कूटरची किल्ली. मग मुलाच्या खोलीत गेले, जिथे आता पाखराचं टेबल होतं. टेबल आवरलं, लाल कापड अंथरलं, पाखरू मधोमध ठेवलं.

कुंकू कुठे लावायचं याचा मी नीट विचार केला. पोटात उघडी चकती, बारीक तारा. तिथे ओलं बोट नको. मानेशी गिअर, तिथे तर नकोच. पंख रुंद, स्वच्छ, त्याला काही होण्यासारखं नव्हतं. डाव्या पंखावर, टोकाजवळ, मधल्या काडीला धक्का न लावता, अनामिकेने आधी हळद आणि तिच्यावर कुंकू लावलं. झेंडूचं फूल शेजारी ठेवलं, वर नाही. हात जोडले आणि वीस सेकंद मागितले. नवरा आला, त्यानेही नमस्कार केला, पेढा खाल्ला.

दसरा झाल्यावर पहिल्याच उड्डाणात पाखरू वर उठलं, डावीकडे झुकलं आणि झुकत झुकत शोकेसवर जाऊन आदळलं. चार सेकंद. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा पुन्हा चार. दर वेळी डावीकडेच.

आमच्याकडे कंपनीत बिघाड आला की कारणांची यादी करायची पद्धत आहे. मी कागद घेऊन बसले. तेवीस कारणं निघाली. गिअरचा दात, मोटार, बॅटरी एका बाजूला सरकली, तार ढिली, चकतीवरचा संवेदक कललेला, हॉलमधली हवा. नवरा एकेक तपासायचा, मी खूण करायची. गिअर बदलले, मोटार बदलली. मॉडेलमधले आकडे त्याने पुन्हा काढले, एक अख्खा शनिवार-रविवार घालवून. तेवीसच्या तेवीस कारणांवर फुल्या पडल्या आणि पाखरू डावीकडेच पडत राहिलं.

त्या कागदाच्या डोक्यावर, आमच्या पद्धतीप्रमाणे, पहिला प्रश्न छापील असतो: मध्यंतरी काय बदललं? त्यापुढे मी माझ्या हाताने लिहिलं होतं, 'काही नाही.'

नवरा बोलेनासा झाला. जेवताना वाटी पुढे सरकवायचा, एवढंच. शिंजीर यायचा, हा बघायचा नाही. एका सकाळी तो माळ्यावरच्या जागेचा अंदाज घेत स्टुलावर उभा दिसला. मी विचारलं, "काय शोधताय?" म्हणाला, "काही नाही, फराळाचे डबे काढू का?" डबे खालच्या कपाटात असतात आणि ते त्याला ठाऊक आहे.

दिवाळीतल्या रविवारी सकाळी आबा आले. आबा आमच्या टूलरूममधले सगळ्यांत जुने कारागीर, निघोज्याचे. सगळी कंपनी त्यांना आबाच म्हणते. दर दिवाळीला ते स्कूटरवरून एक पिशवी इंद्रायणी तांदूळ घेऊन येतात आणि माझा फराळ तपासतात. तपासतात हाच शब्द बरोबर. त्यांनी चकली मोडून आतल्या पोकळीत बघितलेलं मी पाहिलंय.

"सर कुठायत?" त्यांनी बसल्या बसल्या विचारलं. नवरा आतून आला, हातात पाखरू.

"ह्ये व्हय ते? म्याडम सांगत्यात रोज. उडतंय का नुसतंच फडफडतंय?"

"उडतं आबा, पण डावीकडे पडतं."

"दावा की मंग."

मी उठून पंखा बंद केला, दार लावलं, टॉवेल सरकवला. आबांना हलू नका म्हणून सांगितलं. ते चकली हातात धरून पुतळ्यासारखे बसले. पाखरू उठलं, टीव्हीच्या उंचीवर गेलं, डावीकडे कललं आणि आबांच्या पुढ्यातल्या चिवड्यात पडलं.

"आलं जेवायला," आबा म्हणाले.

मग त्यांनी चकली ठेवली, हात धोतराला नाही, खिशातल्या रुमालाला पुसले, चष्मा लावला आणि पाखरू उचललं. पंखांना न शिवता, पोटाशी, दोन बोटांत. कंपनीत ते मोजमापाची उपकरणं उचलतात तसं. खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं.

"म्याडम, येक इचारू का? राग न्हाई ना येनार?"

"विचारा ना आबा."

"ह्या पंखाला कुंकू कुनी लावलं?"

"मी. खंडेनवमीला."

"बरं. आन् आपल्या ग्राइंडरच्या चाकाला का लावू देत न्हाई तुमी?"

आमच्या कंपनीत खंडेनवमीच्या आठवडाभर आधी एक सूचनापत्रक फलकावर लागतं. पूजा करताना घ्यायची काळजी. वीज बंद करणे, अगरबत्ती तेलाच्या डब्यांपासून लांब, माळा सुटतील अशा बांधणे. आणि चौथं कलम: फिरत्या किंवा हलत्या भागाला हळदीकुंकू लावू नये, वरच्या झाकणाला (गार्डला) लावावे. ते पत्रक माझं आहे. गेली अकरा वर्षं मीच लिहिते, मीच सही करते, आणि त्या सकाळी मीच हातात ते घेऊन शॉपफ्लोअरवर फिरले होते. एका नव्या ऑपरेटरने चाकाकडे बोट नेलं तर त्याला सगळ्यांसमोर बोलले होते.

"चाक दगडाचं असतंय," आबा नवऱ्याला समजावत होते, "येका बाजूनं वलं झालं तरी हादरतंय. हे तर निव्वळ कागूद हाय."

"पण आबा, एकोणीस ग्रॅमच्या यंत्राला एवढासा टिकला काय करणार? नगण्य आहे हो."

"एकोनीस ग्रॅम कुठं फडफडतंय? पंख फडफडतोय. पंखाचं वजन किती?"

"एकशे दहा मिलिग्रॅम," नवरा म्हणाला आणि पंखाच्या टोकाकडे बघायला लागला.

मी त्याच्याकडे वळले. "अहो, रोज हातात घेता तुम्ही ते. हे दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"मग?"

"मग काय? तू लावलं होतंस." तो पाखराकडेच बघत होता. "म्हटलं, असू दे. तेवढंच जरा बरं वाटायचं टेबलावर बसताना. पुसवलं नाही."

आबांनी चकली पुन्हा हातात घेतली आणि ती फार लक्षपूर्वक खायला सुरुवात केली.

मी स्वयंपाकघरात गेले. डोळे पुसले की नाही ते या लेखात यायची गरज नाही. ओला कापूस घेऊन आले आणि पंखाकडे हात नेला, तर आबांनी हात आडवा घातला.

"थांबा. आदी मोजा, मंग पुसा. दोष पुसून टाकला तर कळनार कसं किती व्हता?"

तीन दिवसांनी सोनाराचं दुकान उघडल्याबरोबर आम्ही कॅम्पात हजर. त्याने आम्हाला ओळखलं. डावा पंख एकशे एकोणीस, उजवा एकशे दहा. मग मी तिथेच काउंटरवर कापसाने टिकला पुसला आणि पुन्हा तोलायला दिला. एकशे दहा.

"ताई," सोनार हसून म्हणाला, "कुंकवाची घट आम्ही नाही धरत हो."

नऊ मिलिग्रॅम. पंखाच्या टोकाला, जिथे हालचाल सगळ्यांत जास्त. शिवाय वाळलेल्या हळदीने तिथला पडदा ताठ झालेला, त्यामुळे तो वाकायला हवा तिथे वाकत नव्हता. नवऱ्याच्या मॉडेलमध्ये दोन्ही पंख सारखे धरलेले होते. तोपर्यंत ते सारखे होतेही.

घरी येऊन उडवलं. सोळा सेकंद, मग अठरा. डावीकडचं झुकणं गेलं होतं. मी वहीत लिहून मान वर केली, तर नवरा खूश दिसेना.

"आता काय झालं?"

"उडतंय ना, पुसल्यावर उडणारच." तो सोफ्यावर बसला. "पण मग सात वर्षं मी केलं काय? नऊ मिलिग्रॅम चिकटले की पडतं. चाकण चौकात पाच मिनिटं नेलं तर त्याहून जास्त धूळ बसेल पंखावर. कडेला जरा फाटला की संपलं. हे उडतं ते आपल्या हॉलमध्ये, पंखा बंद, दाराला टॉवेल, आणि तू न बोलता."

खरं होतं. त्याने मार्गदर्शक बाईंना फोन करून सगळं सांगितलं, कुंकवासकट. फोन स्पीकरवर होता. पलीकडून त्या म्हणाल्या, "सर, हा प्रश्न तुम्हाला तीन वर्षांपूर्वी पडायला हवा होता."

"हो मॅडम."

"आता पडलाय तर सोडवा. कुंकवासकट उडालं पाहिजे. आणि मिसेसना सांगा, थँक यू."

हातात बारा दिवस होते. त्याने मला जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. नियंत्रकाला आत्ताचं कलंडणं कळतं, आणि किती वेगाने कलंडतोय तेही. पण आपण मघापासून एकाच बाजूला जातोय हे त्याला कळत नाही, कारण मागचं त्याला आठवत नाही. त्याला आठवण द्यायला हवी. मागच्या चुका साठवत जायच्या आणि त्या बेरजेप्रमाणे पंख वळवायचा.

"मग द्या की आठवण. इतके दिवस का नाही दिलीत?"

"दिली होती, पहिल्या वर्षी. भयंकर होतं ते. टेबलावर नुसतं ठेवलं असतं ना, टेबल जरासं जरी तिरकं असलं तरी त्याला वाटतं आपण कलंडलोय. बसल्या बसल्या चुका साठवत राहतं. आणि उडाल्याबरोबर सगळ्या एकदम बाहेर काढतं."

"माझ्यासारखं?"

"मी काही म्हणालो का?"

"म्हणायचं काय राहिलंय!"

तो कित्येक दिवसांनी हसला. आणि मग अचानक थांबून माझ्या हातातल्या वहीकडे बघायला लागला. "अगं, तू नाही साठवत पण. तुझी यादी रोज नवी असते. कालचं काय करतेस?"

मी सांगितलं. माझी पद्धत अशी: सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर नवी यादी सुरू, घरातून नाही. घरात सुरू केली की निघेपर्यंतच पान भरतं. आणि कालची राहिलेली कामं फार तर तीन पुढे न्यायची. बाकीची गाळायची, खरंच गरजेची असतील तर ती स्वतःहून पुन्हा समोर येतात.

"बसमध्ये बसल्यावर सुरू," तो म्हणाला. "आणि तीनच."

तो उठून आत गेला. मला वाटलं, चहा मागेल. जेवायच्या वेळेला बोलावलं तेव्हा कागद मांडूनच बसला होता. पाखराची आठवण आता टेबलावर बंद राहणार होती, पाय टेबलावरून सुटल्यावरच सुरू होणार. साठ्याला मर्यादा घातलेली. आणि जुन्या चुका हळूहळू पुसट होत जाणार. हे सगळं पुस्तकांत वेगवेगळ्या नावांनी आधीच आहे असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मी त्याला माझ्या वहीतलं नाव द्या म्हणून हट्ट धरला नाही.

मग बारा दिवस माझं काम बदललं. मी टिकले लावायची. त्याला नऊ मिलिग्रॅमचा हवा असायचा आणि माझ्या बोटाला आठ ते अकरा असा येत होता. आबांनी कंपनीतून एक बोथट सुई पाठवली, ती बुडवून टेकवली की टिकला दर वेळी तेवढाच. डावा पंख, उजवा पंख, टोकाला, मध्ये. पहिल्या दिवशी सहा सेकंद. चौथ्या दिवशी बारा. नवव्या दिवशी पाखरू उठलं, डावीकडे कललं, आणि ते तसंच कलतं थांबून, जणू काही आठवल्यासारखं, हळूहळू सरळ झालं. एकोणीस सेकंद. विसापर्यंत एकदाही पोचलं नाही.

सादरीकरणाच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. कॉलेजच्या सभागृहात मागच्या रांगेत बसले. नवरा फ्रिजवरची यादी घरीच विसरला होता, ते मला आत शिरताच कळलं, कारण डोक्यावर सहा पंखे गरगरत होते. मी उठून बटणं बंद केली, शिपायांना दार लावायला सांगितलं आणि जागेवर येऊन बसले. मार्गदर्शक बाईंनी मागे वळून मान हलवली.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, बारीक आवाजाचे. जमिनीवर चिकटपट्टीने चौकोन आखलेला. त्यांनी वाकून पाखरू बघितलं.

"हा लाल डाग कसला?"

"मुद्दाम लावलेला आहे, सर. नऊ मिलिग्रॅम. एक पंख बिघडला तर काय होतं ते दाखवण्यासाठी."

पाखरू उठलं. मी घड्याळ लावलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण सवय. कललं, सावरलं, थांबलं. एकोणीस. वीस. एकवीस. बावीसला बॅटरी दमली आणि ते चौकोनाच्या आतच बसलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, पण परीक्षकांनी हात वर केला.

"छान आहे. पण हा डाग तुम्हाला माहीत आहे, कुठे आहे तेही माहीत आहे. पुसा तो, आणि दुसऱ्या पंखाला काहीतरी लावा. मी सांगतो तिथे. प्रोग्रॅमला हात लावायचा नाही."

नवऱ्याने बॅटरी बदलली, पंख पुसला आणि खिसे चाचपले. कुंकवाची डबी आणि सुई घरी, यादीशेजारी. तो सभागृहात माझ्याकडे बघायला लागला, घरात मोजा सापडला नाही की बघतो तसा.

माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट असतंच. मी उठले, सगळ्या रांगा ओलांडून पुढे गेले आणि ते परीक्षकांच्या हातात दिलं. त्यांनी एक मरून टिकली निवडली, उजव्या पंखाच्या मधोमध स्वतःच्या बोटाने चिकटवली आणि दाबून बघितली.

"किती वजन असेल हिचं?" त्यांनी मला विचारलं.

"तोललेली नाही, सर," मी म्हटलं. "यांनाही माहीत नाही."

"उत्तम."

पाखरू उठलं. या वेळी उजवीकडे गेलं, चौकोनाच्या पट्टीपर्यंत, अगदी पट्टीवर. नवऱ्याचे हात आपोआप पुढे आले आणि त्याने ते पाठीमागे बांधले. पाखरू पट्टीवर थांबलं. मग आत आलं. मी आकडे बघायचं सोडून दिलं, त्यामुळे माझ्या वहीत त्या उड्डाणापुढे वेळ नाही. समितीच्या कागदावर चोवीस सेकंद आहे.

परत येताना आम्ही रिक्षा केली. वाकडच्या पुलावर आल्यावर तो म्हणाला, "टिकली काढायची राहिली." काढली नाहीच. ते पाखरू अजून तिच्यासकट कॉलेजच्या कपाटात आहे.

यंदाच्या खंडेनवमीला कंपनीत माझं पत्रक लागलं. चौथं कलम आहे तसंच. आबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे काहीजनांनी घरी बी लावावं." घरी मी लाल कापड अंथरलं, नवं पाखरू ठेवलं आणि पाखराच्या पेटीवर कुंकू लावून बोट पुसायला घेतलं.

"पंखाला लाव ना," नवरा म्हणाला.

"डाव्या की उजव्या?"

"कुठेही लाव."

मी उजव्याला लावलं. निरांजन अजून ओवाळायचं होतं, तेवढ्यात तो हॉलचा पंखा बंद करायला गेलासुद्धा.